न पाहणारे दोन वाचक : वेब-सुगम्यता आणि शोधानुकूलन यांच्या संबंधाचा इतिहास

वेबवरील लेखन अंध, अल्पदृष्टी, बधिर किंवा माउस हाताळू न शकणाऱ्या वाचकांनाही वापरता यावे, या व्यवस्थेस वेब-सुगम्यता म्हणतात. तेच लेखन गूगलसारख्या शोधयंत्राला उमगावे आणि शोधाच्या यादीत वरचे स्थान मिळवावे, म्हणून त्यावर जे संस्कार केले जातात त्यांना सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन हे नाव रूढ आहे. मराठीत त्यास शोधानुकूलन म्हणता येईल. पहिलीचा संबंध हक्काशी येतो, दुसऱ्याचा बहुतांशी व्यापाराशी. असे असूनही या दोहोंपैकी एक साधले की दुसरे आपोआप साधते, असा समज संकेतस्थळे घडविणाऱ्या मंडळींत दृढ आहे. गूगल हा जगातील सर्वांत मोठा अंध वाचक आहे, हे वचन तर त्या व्यवसायात म्हणीसारखे वापरले जाते. हे वचन खोटे नाही. परंतु ते एका विशिष्ट कालखंडापुरते खरे होते. तो कालखंड कोणता, तो केव्हा संपला आणि तो संपल्यावर सुगम्यतेच्या बाजूने केला जाणारा हा लोकप्रिय युक्तिवाद कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात कर्तव्य आहे.

वेबचा आरंभ मजकुरापासून झाला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जी कल्पना मांडली, ती परस्परांशी दुव्यांनी जोडलेल्या लेखांच्या जाळ्याची होती. त्या लेखांसाठी जी खुणांची भाषा तयार झाली, ती एचटीएमएल. तिच्यातील मूळच्या बहुतेक खुणा अक्षराचा आकार किंवा रंग सांगत नसत. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, असे त्या त्या भागाचे कार्य सांगत. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्या रूपाच्या नव्हे, प्रयोजनाच्या खुणा होत्या. मजकूर प्रत्यक्षात कसा दिसावा, हे वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोपविलेले असे. एखाद्या यंत्राने तो दाखविण्याऐवजी मोठ्याने वाचून दाखविला, तरी या भाषेच्या नियमांत काही बिघडत नव्हते. सुगम्यतेचे बीज वेबच्या पहिल्या व्याकरणातच पडले होते असे जे म्हटले जाते, ते या अर्थाने रास्त आहे.

चित्र आले आणि ही स्थिती पालटली. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात मोझेइक हा ब्राउझर तयार करणाऱ्या मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये लेखात चित्र घालण्याच्या खुणेचा प्रस्ताव मांडला आणि ती खूण लवकरच सर्वत्र पसरली. मात्र चित्र दाखवू न शकणारी यंत्रे त्या वेळी पुष्कळ होती. कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला लिंक्स हा ब्राउझर केवळ अक्षरेच दाखवी. अशा यंत्रांसाठी चित्राच्या जागी वाचावयाचा पर्यायी मजकूर देण्याची सोय करण्यात आली. नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ती ऐच्छिक होती. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये ती आवश्यक ठरली. आज सुगम्यतेचा पहिला धडा म्हणून जी गोष्ट शिकविली जाते, तिचे मूळ केवळ अंध वाचकाविषयीच्या आस्थेत नाही. दरिद्री यंत्रांच्या गरजेतही ते आहे. इतिहासात हे पुनःपुन्हा आढळते: अंध वाचकाला लाभलेल्या सोयींपैकी कित्येक दुसऱ्या कुणाच्या अडचणीतून निर्माण झाल्या.

त्याच सुमारास दुसरा न पाहणारा वाचक अवतरला. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांनी डिसेंबर १९९३ मध्ये जंपस्टेशन हे शोधयंत्र सुरू केले. वेबवर पानोपानी फिरणारा त्याचा यंत्रदूत पानाचे नाव आणि आतील शीर्षके तेवढी टिपून घेई. बाकीचा मजकूर साठविण्याइतकी शक्ती त्या यंत्रात नव्हती. एप्रिल १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन पिंकर्टन यांच्या वेबक्रॉलरने पानाचा संपूर्ण मजकूर अनुक्रमित करण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षीच्या वर्ल्ड वाइड वेब वर्म या शोधयंत्राच्या सूचीत १,१०,००० पाने व लेख होते. आजच्या मानाने ही संख्या एखाद्या मध्यम ग्रंथसंग्रहाची वाटते. या सर्व यंत्रदूतांना चित्र म्हणजे कोरी जागा होती. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरची अवस्था हीच होती. शीर्षकाला शीर्षकाची खूण न देता नुसती ठळक अक्षरे वापरली, तर दोघांनाही तो साधा परिच्छेदच भासे.

दुव्याच्या बाबतीत हे साम्य अधिकच उठून दिसते. स्क्रीन रीडर वापरणारा वाचक पुष्कळदा पानावरील केवळ दुव्यांची यादी ऐकतो. त्या यादीत ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ असे दहा वेळा कानी पडले, तर ती यादी निरर्थक होते. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलची रचना मांडणारा जो निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दुव्याच्या शब्दांना विशेष महत्त्व दिले आहे. दुव्यातील शब्द हे ज्या पानाकडे दुवा नेतो त्या पानाचे वर्णन होय. किंबहुना चित्रासारख्या, मजकूर नसलेल्या वस्तूही त्यायोगे शोधता येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही कल्पना पूर्वी वर्ल्ड वाइड वेब वर्मने वापरली होती, हेही त्यांनी नमूद केले आहे. वेबचे प्रमाणीकरण करणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संघटनेने एप्रिल १९९७ मध्ये सुगम्यतेचा उपक्रम आरंभिला आणि ५ मे १९९९ रोजी सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या तत्त्वांचे पालन केल्यास वेबवरील माहिती लोकांना अधिक त्वरेने सापडेल, असे आश्वासन त्यांच्या प्रास्ताविकातच आहे. सुगम्यता आणि शोध यांच्या संबंधाचा हा एक प्रारंभीचा अधिकृत उच्चार म्हणावा लागेल. १९९३ ते १९९९ हा या दोन वाचकांच्या सख्याचा काळ होय.

परंतु या सख्यात कुरूपता शिरावयास वेळ लागला नाही. पर्यायी मजकूर शोधयंत्र वाचते, हे ध्यानात येताच तो मजकूर शोधयंत्रासाठीच लिहिला जाऊ लागला. पादत्राणांच्या चित्राखाली ‘स्वस्त बूट, उत्तम बूट, पुरुषांचे बूट, स्वस्त बूट विक्री’ अशी माळ गुंफली जाई. डोळस ग्राहकाला ती दिसत नसे. अंध ग्राहकाला मात्र ती पूर्ण ऐकावी लागे. जी सोय अंधांच्या उपयोगी पडावयाची, तीच त्यांच्या कानांतील कोलाहल झाली. पुढे शोधयंत्रे सावध झाली. पानाच्या शिरोभागी दडविलेल्या शोधशब्दांची यादी आपण क्रम लावताना मुळीच विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. पर्यायी मजकुरात शब्द कोंबण्याविरुद्धही त्याच्या मार्गदर्शनात इशारा आहे.

येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला एक गोष्ट विशेष रोचक वाटेल. पर्यायी मजकूर हे चित्राचे वर्णन नसते. त्या ठिकाणी चित्र जे कार्य करते त्याचे ते शब्दरूप असते. शनिवारवाड्याचे एकच छायाचित्र घ्या. स्थापत्यावरील लेखात त्याचा पर्यायी मजकूर दिल्ली दरवाजाच्या बांधणीविषयी बोलेल. सहलीच्या वेळापत्रकात ‘शनिवारवाडा’ एवढे पुरेल. आणि त्याच चित्रावर क्लिक केल्यावर मुखपृष्ठ उघडत असेल, तर योग्य मजकूर ‘मुखपृष्ठ’ हाच होय. तेच चित्र केवळ शोभेचे असेल, तर पर्यायी मजकूर रिकामा ठेवावयाचा असतो. रिकामा ठेवणे आणि मुळीच न देणे यांत मोठा भेद आहे. रिकामा मजकूर असल्यास स्क्रीन रीडर गप्प राहतो. मजकूरच नसल्यास तो पुष्कळदा चित्राच्या फाइलीचे अर्थशून्य नाव अक्षर-अंकांसह वाचू लागतो. पाणिनीय परंपरेतील लोपाची कल्पना ज्यांना परिचित आहे, त्यांना हा सार्थ अभाव नवा वाटणार नाही. शोधानुकूलनाच्या दृष्टीने मात्र रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली संधी. दोन्ही विद्या एकच, असे म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार केला असता तरी पुष्कळ गैरसमज टळला असता.

सख्याच्या त्या काळातच दुराव्याची पहिली खूण उमटली होती, आणि ती एका शोधयंत्राच्या दारातच. १९९७ साली आल्टाव्हिस्टा या शोधयंत्राला स्वयंचलित यंत्रांकडून होणाऱ्या पानांच्या खोट्या नोंदींचा उपद्रव होऊ लागला. त्यावर उपाय म्हणून वेडीवाकडी अक्षरे असलेले चित्र दाखवून ती अक्षरे टंकण्यास सांगण्याची युक्ती योजण्यात आली. पुढे कॅप्चा या नावाने ती सर्वत्र पसरली. माणूस आणि यंत्र यांत भेद करण्याची कसोटी म्हणजे पाहता येणे, असे त्या युक्तीने ठरवून टाकले. आणि अंध मनुष्य यंत्राच्या रांगेत जाऊन उभा राहिला. न पाहणाऱ्या यंत्राला बाहेर ठेवण्यासाठी घातलेल्या कुंपणाने न पाहणारा माणूसही बाहेर ठेवला. त्यानंतर ध्वनिरूप पर्याय आले. ते पुष्कळ काळ ऐकण्यास कठीण, आणि बधिरांध वाचकाला निरुपयोगीच होते.

सुगम्यतेचा पाया शोधात नसून हक्कात आहे, हे न्यायपीठापुढे प्रथम ठळकपणे मांडले गेले ते ऑस्ट्रेलियात. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावरील चित्रांना पर्यायी मजकूर नाही, वेळापत्रकाच्या पानावरून क्रीडाप्रकारांच्या सूचीपर्यंत पोचता येत नाही आणि निकालांचे तक्ते वाचता येत नाहीत, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ मध्ये तेथील मानवी हक्क आयोगाकडे केली. सुधारणेचा भार असह्य आहे, असा बचाव आयोजन समितीने केला. आयोगाने २४ ऑगस्ट २००० रोजी तो फेटाळला, आणि आदेशाचे पूर्ण पालन न झाल्यामुळे पुढे वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई ठरविली. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाला शोधयंत्रांच्या कृपेची गरज नव्हती. त्याचा पत्ता साऱ्या जगाला ठाऊक होता. शोधाचा युक्तिवाद जेथे लागूच पडत नाही अशा ठिकाणीही कर्तव्य उरते, हे या प्रकरणाने दाखविले.

दोन वाचकांना एकाच यंत्रात आणण्याचा गंभीर प्रयत्न एकदाच झाला आणि त्याचा धागा पुण्याशी जुळतो. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिती सूत्रांसह संपूर्ण तांत्रिक लेखन ध्वनिरूपात कसे आणावे, या विषयावरील त्यांच्या १९९४ च्या प्रबंधास एसीएम या संस्थेचा प्रबंध-पुरस्कार लाभला. एखादे सूत्र डावीकडून उजवीकडे नुसते वाचत न जाता त्याची अंतर्रचना आवाजाच्या चढउतारांनी प्रकट करावी, हा त्यांचा विचार वाक्यविश्लेषणाच्या अभ्यासकाला सहज पटण्यासारखा आहे. २००५ मध्ये ते गूगलमध्ये दाखल झाले आणि जुलै २००६ मध्ये त्यांची ‘अॅक्सेसिबल सर्च’ ही प्रायोगिक सेवा सुरू झाली. शोधात सापडलेल्या पानांपैकी जी साध्या मांडणीची आणि चित्रांवाचूनही वाचता येण्याजोगी, ती या सेवेत वर आणली जात. म्हणजे सुगम्यता हा येथे क्रम लावण्याचाच निकष झाला होता. ती सेवा आज अस्तित्वात नाही; ज्या प्रयोगशाळेत ती ठेवली होती, तिचे दारही २०११ मध्ये बंद झाले. गूगलने सुरक्षित जोडणी हा क्रमनिकष असल्याचे २०१४ मध्ये सांगितले. मोबाइलवर नीट दिसणे हा निकष एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरील शोधासाठी लागू केला. सुगम्यतेविषयी अशी घोषणा झालेली नाही.

सख्याचा शेवट नेमका एखाद्या वर्षावर ठेवावयाचा झाला, तर ते वर्ष २००८ मानावे लागेल. त्या वर्षीच्या मध्यास, तोवर बंद पेटीसारख्या असलेल्या फ्लॅश या चलचित्र-माध्यमातील मजकूर गूगलचा यंत्रदूत वाचू लागला. ऑक्टोबरमध्ये गूगलने छायांकित पीडीएफमधील अक्षरे ओळखून त्यांची सूची करण्यास आरंभ केला. म्हणजे शोधयंत्राला चित्रातील अक्षर दिसू लागले. अंध वाचकाची स्थिती मात्र तीच राहिली. शोधाच्या यादीत एखादा छायांकित लेख सापडावा, दुवा उघडावा, आणि स्क्रीन रीडरने ‘रिकामे पान’ म्हणावे, हा अनुभव त्यातून उद्भवला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सुगम्यतेच्या तत्त्वांची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. म्हणजे नियम प्रगल्भ होत असतानाच त्यांचा बिनपगारी साथीदार निघून जात होता. पुढील दशकात यंत्रे चित्रांतील वस्तूही ओळखू लागली. एप्रिल २०१६ पासून फेसबुक अंध वाचकांना चित्रांचे यंत्रनिर्मित वर्णन ऐकवू लागले. हे उपकारक आहे, यात शंका नाही. तथापि ‘झाड, आकाश, तीन माणसे’ ही वस्तूंची गणना झाली. ते चित्र तेथे का ठेवले, याचे उत्तर ठेवणाऱ्यापाशीच असते.

शोधाच्या लाभाने सुगम्यता आपोआप पसरते, हा सिद्धान्त खरा असता तर त्याचे फळ एव्हाना दिसावयास हवे होते. अमेरिकेतील वेबएम ही संस्था दहा लक्ष संकेतस्थळांची मुखपृष्ठे दरवर्षी यंत्राने तपासते. २०१९ मध्ये यांपैकी ९७.८ टक्के पानांत यंत्राला सापडणारे सुगम्यतेचे दोष आढळले. २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांत. ही तीच संकेतस्थळे होत, ज्यांच्या शोधानुकूलनावर द्रव्य सढळपणे खर्च होते.

मराठीपुरता हा इतिहास थोडा निराळा आहे, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे वेबवरील मराठी मजकूर बहुधा अशा फॉन्टांत असे, की ज्यांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेल्या असत. कृतिदेव या फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द उमटविण्यासाठी ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे साठविली जात. डोळ्यांना मराठी दिसे. शोधयंत्राला आणि स्क्रीन रीडरला ती पाच रोमन अक्षरेच मिळत. त्याहून मार्मिक गोष्ट ऱ्हस्व इकाराची. तो व्यंजनानंतर उच्चारला जात असूनही डावीकडे लिहिला जातो म्हणून या फॉन्टांत तो व्यंजनाआधी साठविला जाई. म्हणजे साठवणीचा क्रम डोळ्याचा होता, जिभेचा नव्हता. युनिकोडने हा क्रम उलटविला: तेथे ‘कि’ म्हणजे आधी क आणि मग इकार, उच्चाराप्रमाणे. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच होती. मराठी संकेतस्थळांनी ती स्वीकारावयास पुष्कळ वर्षे घेतली. मराठीत हे दोन न पाहणारे वाचक एकाच वेळी बाहेर होते आणि युनिकोडने दोघांना एकाच वेळी आत घेतले. सख्याच्या सिद्धान्ताला इतका स्वच्छ पुरावा इंग्रजीच्या इतिहासात मिळणार नाही.

तथापि युनिकोडनेही सर्व प्रश्न सुटले नाहीत. ‘दऱ्या’ या शब्दातील रफार नव्हे असा र दोन रीतींनी साठविता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त करून पुढे एक अदृश्य सांधा घालून. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले; तोवर अ वर चंद्र ठेवून काम भागविले जात असे, आणि दोन्ही प्रकार आजही प्रचारात आहेत. डोळ्याला ही रूपे एकच दिसतात, साठवणीत ती भिन्न असतात. संख्याबळावर चालणारे शोधयंत्र अशा रूपांचा मेळ पुष्कळदा घालून घेते. स्क्रीन रीडरला प्रत्येक रूपाचा उच्चार नियमाने शिकवावा लागतो, आणि जो नियम कुणी लिहिला नाही तो त्यास ठाऊक नसतो.

भारतात हक्काची बाजू अलीकडे स्पष्ट झाली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्या प्रकरणाचा विषय बँकेसाठी ओळख पटविण्याची पद्धती हा होता: कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून-उघडून आपण जिवंत माणूस आहोत हे दाखवावयाचे, आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांनी काय करावे याची सोय नाही. १९९७ च्या वेड्यावाकड्या अक्षरांची ही थेट वंशज होय.

आता भाषेच्या खुणेचे उदाहरण पाहावे. पानाची भाषा कोणती, हे सांगणारी एक छोटी खूण एचटीएमएलमध्ये आहे आणि सुगम्यतेच्या तत्त्वांत ती प्राथमिक पातळीवर आवश्यक मानली आहे. गूगलच्या जाहीर मार्गदर्शनानुसार पानाची भाषा ठरविताना ते ही खूण पाहतच नाही. दिसणाऱ्या मजकुरावरून ते भाषा ताडते. साहजिकच शोधानुकूलनाच्या हिशेबात या खुणेची किंमत नगण्य ठरते आणि मराठी पानांवर ती वारंवार गाळली जाते, किंवा साच्यातून आलेली इंग्रजीची खूण तशीच राहते. स्क्रीन रीडर मात्र कोणत्या भाषेच्या आवाजाने वाचावे हे या खुणेवरून ठरवितो. ती नसेल तर देवनागरी लिपी पाहून पुष्कळदा हिंदीचा आवाज योजिला जातो. मग ‘चाक’ मधील दंततालव्य च तालव्य होतो. थोडे या अर्थाचा ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाची ‘जरा’ सारखेच ऐकू येतात. ‘घरं’ च्या अंत्य अकाराऐवजी अनुनासिक घुमतो आणि ळ चे काय होईल हे त्या आवाजावर अवलंबून राहते. पान शोधाच्या यादीत पहिले आलेले असते. अंध मराठी वाचक ते उघडतो, आणि त्याची मातृभाषा त्याला परक्या उच्चारांत ऐकू येते.